वाचकांचे प्रश्न : लाकडाचा पूल एवढी वर्षं टिकतो तरी कसा?

मागच्या अंकात पावसाळ्याआधी गावातला फरशी पूल कसा तपासावा यावर लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती निम्मी लाकडी पुलावर. कारण उदगीरच्या एका गुरुजींचं पत्र. त्यांनी ते आमच्याकडं पाठवायच्या आधीच आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं म्हणे, त्यामुळं बाकीच्यांचे प्रश्न त्यालाच धरून आलेत. म्हणून पहिलं मानाचं पान गुरुजींना.

साहेब नमस्कार. मुलगी-जावई ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला राहायलेत, त्यांच्याकडं गेलो होतो. एका रविवारी खेड्याकडं फिरायला नेलं, तिथं मंकेराय नावाच्या गावाजवळ करूआ नदीवर सगळाच्या सगळा लाकडाचा पूल बघितला. जावई म्हणले 1882 चा आहे. आमची कार आरामात गेली वरून. आमच्याकडं सिमेंटचा पूल दहा-वीस वर्षांत खचायलाय आणि तिथं लाकूड सव्वाशे-दीडशे वर्षं उभं, हे काय गौडबंगाल आहे?
— निवृत्त शिक्षक, उदगीर

गुरुजी, जावई बरोबर सांगायलेत. मंकेरायचा पूल 1882 चाच, आणि त्याच भागात क्लॅरन्स टाउनला विल्यम्स नदीवर त्याच्याहून दोन वर्षांनी जुना, 1880 चा आहे. न्यू साउथ वेल्स राज्यात जे लाकडी कैचीचे पूल शिल्लक आहेत त्यात हे दोन सगळ्यात जुन्यांपैकी. आणि या बांधणीचं नाव काय आहे माहितीय का, 'ओल्ड पीडब्ल्यूडी ट्रस', ट्रस म्हणजे ही कैची, तुळया त्रिकोणात जोडून केलेला सांगाडा! म्हणजे पीडब्ल्यूडी तिथंही होतीच, ते काही फक्त आपल्याच नशिबात नाही.

आता लाकूडच का, तर हौस म्हणून नाही, पैसा नव्हता म्हणून. त्या काळात तिथं लोखंड विलायतेहून जहाजानं यायचं, तुमची मुलगी राहते त्या न्यूकॅसलला पोलादाचा कारखाना सुरू झाला तो थेट 1915 ला. सरकारची तिजोरी आटलेली, उलट आतल्या भागातून लोकरीच्या गाठी अन् गहू रेल्वेच्या स्टेशनापर्यंत आणायला रस्ते पाहिजेत आणि रस्ता म्हणलं की नदी आलीच. म्हणून सरकारनं इंजिनियर लोकांना सांगून टाकलं की जे जवळ मिळतंय त्यातच भागवा, आणि जवळ काय होतं तर जंगलच जंगल, तेही असल्या कठीण लाकडाचं की कुऱ्हाडीचं पातं बोथट व्हावं. मग 1850 नंतर ते 1936 पर्यंत त्या एका राज्यात असे कैचीचे लाकडी पूल 400 च्या वर बांधले गेले.

पण गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात नाही. ते आहे लाकूड बदलत राहण्यात, आणि ते सोपं झालं पर्सी अॅलन नावाच्या इंजिनियरच्या डिझाइनमुळं, तुमचा पूल त्याच्याही आधीचा. जुन्या पुलांची अडचण अशी होती की एखादं लाकूड सडलं तर ते काढणार कसं, सगळा भार त्याच्यावर, काढायचं म्हणलं तर वाहतूक बंद करून अर्धा पूल खोलावा लागायचा. 1886 ला मॅकडॉनल्ड नावाच्या इंजिनियरनं सुधारणा केली होती, पण खरी मजा केली अॅलननं 1893 मध्ये. त्यानं जिथं एक जाड ओंडका लागायचा तिथं दोन बारीक लाकडं शेजारी शेजारी ठेवली, मधी फट. फटीत ब्रश जातो म्हणजे आतून रंग देता येतो, पाणी साचत नाही, आणि एक लाकूड खराब झालं की दुसऱ्यावर भार ठेवून पहिलं काढायचं, नवं बसवायचं, बोल्ट आवळायचे, झालं. लहान लांबीची लाकडं चालायला लागली हाही फायदाच, कारण लांब जाड ओंडके तोवर संपत आले होते. सिडनी विद्यापीठात वॉरन नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या लाकडांच्या ताकदीच्या चाचण्या घेतल्या होत्या, ते आकडे याच काळात इंजिनियर लोकांच्या हाताशी आले, म्हणजे अंदाजपंचे कारभार नव्हता. नवा पूल आधीच्या मॅकडॉनल्डच्या पुलापेक्षा 20 टक्के स्वस्त आणि दीडपट भार घेणारा निघाला. स्वस्तही आणि मजबूतही, असलं टेंडर आपल्याला कधी बघायला मिळायचं देव जाणे.

पुढं 1899 ला डी बर्ग यानं खालची ताण घेणारी पट्टी पोलादाची केली, 1905 पासून डेअर याचं डिझाइन आलं आणि तेच शेवटपर्यंत चाललं.

आता हे बघा, तुम्ही ज्या पुलावरून गेलात त्यातलं 1882 चं लाकूड किती असेल? थोडंच असणार, कदाचित अगदीच थोडं. फळ्या तर किती वेळा बदलल्या असतील. पूल 1882 चा आहे म्हणजे तेव्हापासून कुणीतरी पगारी माणूस येऊन तो बघतोय, ठोकतोय, बदलतोय. हे जिथं थांबलं तिथं काय झालं तेही सांगतो. वागा वागा नावाच्या गावात मरंबिजी नदीवर अॅलनचाच हॅम्पडेन पूल होता, 1895 चा. बरोबर शंभर वर्षं त्यानं वाहतूक झेलली. 1995 ला गाड्या बंद झाल्या, मग लाकूड कुजत गेलं, आणि 2014 ला पाडून टाकावा लागला. शंभर वर्षं ट्रकांनी काही केलं नाही, वीस वर्षांच्या दुर्लक्षानं संपवला. आपले सिमेंटचे पूल दहा-वीस वर्षांत खचायलेत त्याचंही निम्मं उत्तर इथंच आहे, उरलेलं निम्मं उत्तर रेतीत आणि टक्केवारीत आहे, त्यावर मी इथं लिहीत नाही, संपादक कापतात.

लाकूड पाण्यात कुजत नाही का? आमच्या इथं तर गोठ्याची मेढ चार पावसाळ्यांत जाते.
— एक वाचक, अंबाजोगाई

तुमची मेढ कुठं कुजते ते नीट बघा, वरती नाही, आणि खाली खोल मातीतही नाही. बरोबर जमिनीच्या पातळीला कुजते, वीतभर वर वीतभर खाली. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल पण पाहिजे आणि हवा पण पाहिजे. कायम कोरडं लाकूड तिला चालत नाही, कायम पाण्यात बुडालेलंही चालत नाही कारण तिथं हवा नाही. जिथं भिजतं-सुकतं, भिजतं-सुकतं, तिथं तिची चंगळ. आपल्या माळवदाच्या घरात बघा ना, तुळई मधी दणकट असते आणि भिंतीत घुसलेलं टोक भुसभुशीत निघतं, कारण पांढऱ्या मातीची भिंत तिथं ओल धरून बसते. पुलाचंही तेच, खांब पाण्याच्या रेघेला कुजतो, तुळया टेकतात तिथं कुजतात, आणि बोल्टाच्या भोकात पाणी उतरतं तिथं.

म्हणून तिकडं खांबाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी घालतात, कारण लाकूड आडवं कापलं की कापलेल्या तोंडातून नळीसारखं पाणी पितं. रंग देतात, तो शोभेला नाही. वाळवीचा बंदोबस्त वेगळाच. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे जाड तुळई बाहेरून टणटणीत दिसते आणि आतून गाभा पोकळ झालेला असतो, म्हणून तपासणारा माणूस हातोडीनं ठोकून आवाज ऐकतो, शंका आली तर बारीक गिरमिट मारून भुसा कसा येतोय ते बघतो. भुसा कोरडा आणि कडक आला तर ठीक, ओला चिखलासारखा आला किंवा गिरमिट एकदम आत घुसलं तर तुळई गेली समजा. हे तुम्ही घरच्या माळवदालासुद्धा करू शकता, पावसाळ्याआधी कराच, दरवर्षी माळवद पडून माणसं दबल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

गुरुजींच्या जावयांनी सांगितलं म्हणे की तिथला पूल निलगिरीच्या लाकडाचा असतो. माझ्या बांधावर निलगिरी आहे, पंधरा वर्षांची. ओढ्यावर पूल टाकला तर?
— शेतकरी, सेलू

टाकू नका. सेंट्रिंगवाल्याला बल्ल्या विका, दोन पैसे येतील.

तिथं पुलाला मुख्य करून आयर्नबार्क नावाचं झाड वापरतात आणि ते निलगिरीच्याच कुळातलं आहे हे खरं. पण एका कुळातली सगळी भावंडं सारखी नसतात. आयर्नबार्कचं लाकूड पाण्यापेक्षा जड, टाकलं तर बुडतं, घनमीटरला हजार किलोच्या वर भरतं. आपलं सागवान साडेसहाशेच्या आसपास. आणि ती झाडं जुन्या रानातली, सावकाश वाढून कसलेली. आपल्या बांधावरची निलगिरी लवकर वाढणारी, लवकर तोडायची जात, कापली की टोकाला चिरते, वाळताना पीळ घेते, आणि उघड्यावर मातीला लागून ठेवली तर वाळवी तिला सोडत नाही.

मराठवाड्यात नदीवर लाकडी पूल कधी होतेच का नाहीत? आमच्या आजोबांच्या बोलण्यात तरी कधी आले नाहीत.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, निलंगा

प्रश्न आवडला. ओढ्यावर दोन बाभळीचे ओंडके टाकून केलेली वाट सगळीकडं असायची, ती सोडा. पण रस्त्याचा, बैलगाडी जाईल असा लाकडी पूल बांधायची रीत आपल्याकडं पडलीच नाही, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं म्हणजे लाकूड कुठं होतं? आपलं चांगलं सागवान किनवट-माहूरकडं, मराठवाड्याच्या एका कोपऱ्यात. तिथून बीडला किंवा तुमच्या निलंग्याला ओंडका बैलांनी ओढत आणायचा तर पुलापेक्षा वाहतूकच महाग. आणि आलेलं सागवान पाटलाच्या वाड्याला जायचं, नदीवर कशाला टाकतंय कोण. उलट दगड मात्र पायाखालीच. सगळा काळा पाषाण, चुनाही इथलाच, हातात कला असलेले पाथरवट गावोगाव. म्हणून आपल्याकडं ज्यांनी पूल बांधले त्यांनी कमानीचे दगडी बांधले. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्कीशेजारी महमूद दरवाजाला लागून खाम नदीवर जो पूल आहे तो बघा. ऑस्ट्रेलियावाल्यांनी जवळचं लाकूड वापरलं, आपल्यावाल्यांनी जवळचा दगड, अक्कल दोन्हीकडं एकच.

दुसरं कारण नदीचा स्वभाव. तेरणा, मांजरा, मन्याड, सिंदफणा, या काही बारमाही नद्या नाहीत. चार महिने पाणी, त्यातही खरा पूर मोजके दिवस, बाकी उन्हाळ्यात वाळू. आठ महिने गाडी सरळ पात्रातून उतारानं पलीकडं जायची. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी कोण पूल बांधणार? आणि पूर यायचा तो एकदम, रात्रीत, बाभळी-बोरी मुळासकट घेऊन. लाकडी पुलाला पाण्यापेक्षा त्या वाहत्या झाडांची भीती जास्त, एक झाड खांबात अडकलं की मागं पालापाचोळा साठून धरणच तयार होतं आणि त्या दाबानं पूल जातो. हा त्रास तिकडंही आहे, म्हणून ते पूल उंच बांधतात आणि खांबांमधलं अंतर मोठं ठेवतात, कैची लागते ती त्याच्यासाठीच. आपण उलटा मार्ग धरला, ठेंगणा फरशी पूल बांधायचा, पूर वरून जाऊ द्यायचा, ओसरला की गाळ काढायचा. लोक त्याला हसतात पण कमी पैशात तो शहाणपणाचा विचार आहे, गडबड तिथं होते जिथं पाणी वरून वाहत असताना कुणीतरी मोटारसायकल घालतं.

तिसरं, आणि हे मला जास्त टोचतं, राज्यकर्त्याला पूल कशासाठी पाहिजे होता. तिकडं लोकर बंदरात पोचली नाही तर सरकार बुडत होतं. आपल्याकडं निजामाच्या राज्यात 1900 च्या आसपास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली, तिच्यासाठी दुधना, पूर्णा सगळ्यांवर पूल झाले, दगडी खांब आणि वर लोखंडी गर्डर. लोखंड आणायला पैसा होता, पण तो रुळापुरता. रुळापासून दहा कोस आत गेलं की पावसाळ्यात गाव म्हणजे बेट. मग पलीकडं जायचं कसं, तर गोदावरीला नाव, भोई लोकांच्या होड्या, लहान नदीला भोपळ्याची सांगड, आणि तेही नसलं तर गूळ करायची काहील. हसू नका, बाळंतीण काहिलीतून पलीकडं नेल्याच्या गोष्टी तुमच्या आजोबांना विचारा, त्या नक्की निघतील. काही ठिकाणी शाळेची पोरं आजही थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायलेत, पेपरात फोटो येतो, दोन दिवस चर्चा होते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फोटो येतो.

तरीपण एका जागी आपल्याकडं पुलावर लाकूड होतं, आणि भरपूर होतं. रेल्वेच्या त्या लोखंडी गर्डर पुलांवर रुळाखाली लाकडी स्लीपर असायचे, आता पोलादी आलेत. ते टिकायचे कसे? की-मॅन. रोज, उन्हात पावसात, आपल्या हद्दीतला रूळ पायी बघणारा माणूस, खांद्यावर हातोडा आणि पाना. गुरुजींना जे पर्सी अॅलनचं सांगितलं तेच आपल्याकडं रेल्वेनं केलं, वस्तू बदलता येईल अशी ठेवली आणि बघायला माणूस नेमला. रस्त्याच्या पुलाला असा रोजचा माणूस कधी मिळाला नाही. सावित्री नदीवरचा महाडचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री एसटी बसेससकट वाहून गेला, तो ब्रिटिश काळातला होता आणि दगडाचाच होता.

भारतात लाकडी पूल होते का कुठं? पुण्याचा लकडी पूल ऐकलाय.
— एक वाचक, परभणी

पुण्याचा पहिला लकडी पूल 1761 चा, पानिपतानंतर घाईनं बांधलेला, तो पुढच्या शतकात पुरात गेला आणि 1840 च्या दशकात तिथं दगडी झाला. आपल्या माणसांना हैदराबादचा लकडी का पूल जास्त जवळचा, नीलोफर दवाखान्यात लेकरू घेऊन जाणारा प्रत्येक जण तिथं उतरलेला असतो, पण तिथंही आता लाकडाचं काही नाही. खरी लाकडी पुलांची शाळा काश्मीरची. श्रीनगरात झेलमवर 'कदल' म्हणतात ते पूल, देवदाराचे ओंडके आडवे-उभे रचून पेटीसारखे खांब करायचे, आत दगड भरायचे, वरचे ओंडके थोडे थोडे पुढं काढत न्यायचे की मधलं अंतर कमी होत जातं. झैना कदल पंधराव्या शतकातला, अर्थात त्यातलंही लाकूड पुन्हा पुन्हा बदललेलं. कोकणात साकव असतात पण ते मुख्यतः पायी जायला.

आमच्या शेताच्या वाटेवर नाला आहे, गावकऱ्यांनी विजेचे जुने खांब आडवे टाकून वर फळ्या ठोकल्यात. ट्रॅक्टर न्यावा का?
— तरुण शेतकरी, कळंब

नाही. पायी जा, मोटारसायकल ढकलत न्या. तो खांब उभा राहायला केलेला असतो, आडवा पडून भार घ्यायला नाही, सिमेंटचा असेल तर आतली सळई कशी आहे हे तुम्हाला दिसत नाही आणि तो वाकून इशारा देईल असंही नाही, थेट मोडतो. ग्रामपंचायतीकडून नळकांडी पुलाचा ठराव घ्या. अर्जाची पोच मात्र घ्यायची.

आमच्या गावाबाहेर ओढ्यावर दगडी पूल आहे, निजामाच्या काळचा म्हणतात. कठड्यात एक दगड आहे, त्यावर उर्दूत काहीतरी आणि 1345 असा आकडा आहे, मशिदीतल्या मौलानांनी वाचून दिला. पोरं म्हणायलीत पूल सातशे वर्षांचा आहे, यात्रेच्या पत्रकात तसं छापणार आहेत. छापू द्यावं का?
— ग्रामपंचायत सदस्य, कंधार तालुका

थांबवा त्यांना! निजामाच्या सरकारी कामात फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं वर्ष, चालायचा. फसलीत 590 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे 1345 फसली म्हणजे 1935-36. मौलानांना एवढंच विचारा की आकड्याच्या शेजारी 'फे' अक्षर आहे का, असेल तर फसली. 'हे' असेल तर हिजरी, मग ते 1926-27 होतं, कारण हिजरीचं वर्ष चंद्राचं, तिथं 590 चा हिशोब चालत नाही. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी पूल नव्वद-शंभर वर्षांचा, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्यावरून आजही ऊस जात असेल.

कागद शोधायचे असतील तर जुन्या हैदराबाद संस्थानाचं दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या सरकारी अभिलेखागारात आहे, बरंचसं उर्दू-फारसीत, वाचणारा माणूस सोबत न्या. त्याआधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या की दगड कुठल्या खाणीतून आणला, चुन्याची घाणी कुठं होती, पुलाआधी उतार कुठून होता, हे कुठल्याच कागदात सापडत नाही. आणि दगडाचा फोटो काढायचा तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलेलं असताना काढा, अक्षरं उठून दिसतात. यात्रा आली म्हणून त्याच्यावर ऑइलपेंट तेवढा मारू नका, आधीच मारला असेल तर पत्र्यानं खरवडू नका, फोटो आम्हाला पाठवा, मग सांगतो.